वीस विरुद्ध पंधरा

४ जुलै

'एम्पायर: टोटल वॉर' पुन्हा लावला. खेळ २००९चा, म्हणजे भाच्याच्या लेखी उत्खननात सापडलेला. पण यात मराठ्यांच्या बाजूनं सबंध मोहीम खेळता येते, आणि समुद्रावरची लढाई नुसत्या आकड्यांवर न सोडता जहाजं स्वतः हाकून लढता येते. सन १७०० ते १७९९, वर्षाला दोन खेळ्या. मसाल्याच्या बेटांकडे पाठवलेल्या आमच्या व्यापारी जहाजांवर आज इंग्रजांचं आरमार चालून आलं. वीस जहाजं. एका ताफ्यात याहून जास्त मावतच नाहीत. आपली पंधरा. लढाईआधीची बलाबलाची पट्टी साफ त्यांच्या बाजूला झुकलेली.

"मामा, तू पळ काढ. जहाजं तरी वाचतील," भाचा म्हणाला.

त्याचं चूक नाही. पण डाव सेव्ह करून ठेवला आणि जेवायला उठलो.

५ जुलै

दिवसभर पाऊस. वहीच्या मागच्या पानावर लँचेस्टरचं गणित मांडलं. हा इंग्रज अभियंता. मोटारी बनवायचा, १९१६ साली विमानांच्या युद्धावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की दोन्हीकडच्या प्रत्येकाला समोरच्या कुणावरही मारा करता येत असेल, तर बळ संख्येच्या वर्गानं मोजावं. म्हणजे आमची लढत २० विरुद्ध १५ अशी नाही, ४०० विरुद्ध २२५ अशी आहे. सरळ भिडलो तर मेलो.

आता तेच वीस दहा-दहा करून गाठले तर? २२५मधून १०० गेले, उरले १२५. वर्गमूळ अकराच्या आसपास. दुसऱ्या दहांशी भिडल्यावर १२५मधूनही १०० गेले, उरले २५. म्हणजे पाच जहाजं शाबूत ठेवून आपण जिंकलो! भाच्याला दाखवलं, तर म्हणे हे चीटिंग आहे.

असलं चीटिंग इंग्रज आरमारप्रमुख नेल्सननं लेखी करून ठेवलं होतं. ९ ऑक्टोबर १८०५च्या टिपणात त्यानं आपली चाळीस जहाजं आणि शत्रूची सेहेचाळीस असं धरलं होतं. लँचेस्टरनं त्याच आकड्यांवर हिशेब केला. सरळ लढत १६०० विरुद्ध २११६, म्हणजे हार. पण शत्रूची रांग मधोमध कापली, तेवीसांवर बत्तीस घातली आणि उरलेल्या तेवीसांना आठांनी अडकवून ठेवलं, तर १०८८ विरुद्ध १०५८. निसटता का होईना, विजय. बारा दिवसांनी ट्रफाल्गरला प्रत्यक्षात २७ विरुद्ध ३३ असा सामना झाला आणि इंग्रजांचं एकही जहाज गेलं नाही.

६ जुलै

कागदावर कापणं सोपं. पाण्यात मधे वारा येतो. या खेळात वारा नुसता दिखाव्याला नाही: नाळ वाऱ्याच्या तोंडावर गेली की जहाज रेंगाळतं. त्यामुळे रांग कापायची ती मागच्या अंगाला, आणि अशा बेतानं की पुढच्या जहाजांना मदतीला यायचं तर वाऱ्याविरुद्ध वळसा घ्यावा लागेल. ट्रफाल्गरला फ्रेंचांच्या आघाडीचं हेच झालं. वारा मंद, वळायलाच इतका वेळ गेला की ती आली तेव्हा मागे करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं.

याची किंमत आधी मोजावी लागते. रांगेवर नाक रोखून जाताना आपल्या बाजूच्या तोफा गप्प असतात आणि समोरच्याची सबंध सरबत्ती आपल्या नाळेवर बसते. म्हणून सगळ्यांत दणकट दोन जहाजं तोंडाशी ठेवायची. भाच्याला सलूप पुढे काढायची हौस. सलूप पहिल्याच सरबत्तीत गेली.

८ जुलै

आज जमलं. लांबून साखळगोळे, त्यांच्या शेपटीच्या जहाजांची शिडं फाडायला. ती मागे रेंगाळली, रांगेत आपोआप खिंडार पडलं. त्यातून आत शिरून पिछाडीवर साधे गोळे. मागून मारलेला गोळा अख्ख्या लांबीभर फिरतो आणि मागच्या बाजूला उलट मारायला तोफा जेमतेम. शेवटी जवळ जाऊन छर्रे, मग माणसं उतरवायची. खलाशांचं धैर्य सुटलं की पांढरं निशाण चढतं. बुडवण्यापेक्षा धरलेलं जहाज बरं, लढाईनंतर ते आपलं होतं.

पुढची जहाजं वळून आली ती एकमेकांच्या आड. संगणकाची खोड अशी की गर्दी करतो, आणि या खेळात आपला गोळा आपल्यालाही लागतो. नेल्सनकडे नसलेली एक सोयही वापरली: लढाई थांबवून शांतपणे हुकूम देता येतात. चहा पिऊनसुद्धा.

१० जुलै

भाच्यानं विचारलं, मोठं आरमार आपलं असेल तर? त्याला खांदेरीची गोष्ट सांगितली. १६७९ साली महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. मायनाक भंडारी बेटावर, दौलतखान आरमारावर. १८ ऑक्टोबरला आपली पन्नासेक गलबतं इंग्रजांच्या लहानशा काफिल्यावर तुटून पडली. त्यांचं 'डव्ह' हाती लागलं, बाकीची बहुतेक लांब राहिली आणि कीग्विनचं 'रिव्हेंज' एकटं उरलं. ते हललं नाही. उलट त्यानं मराठ्यांचीच काही गलबतं बुडवली.

लँचेस्टरच्या हिशेबानं पन्नासाचा वर्ग अडीच हजार, एकाचा एक. मग? पन्नास गलबतं एका जहाजाभोवती एकदम मावत नाहीत, आणि मावली तरी त्यांच्या हलक्या तोफा जाड फळ्यांपुढे तोकड्या. किती आहेत यापेक्षा एका वेळी कितीजणांचा मारा पोचतो, ते मोजायचं. पट्टीत ते दिसत नाही.

"म्हणजे आपण हरलो?"

नाही ना! वल्ह्यांची गलबतं रात्री इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटून बेटावर सामान पोचवत राहिली, किल्ला उभा राहिला, इंग्रज कंटाळून निघून गेले. खेळात याला जागा नाही. तिथे लढाई जिंकली की पाणी तुमचं.

१२ जुलै

खरी तक्रार किनाऱ्याबद्दल आहे. भरती-ओहोटी नाही, खाडी नाही, किनारा दिसला तरी त्यावरचा किल्ला तोफ डागत नाही. कान्होजी आंग्र्यांचं अर्धं बळ तिथे होतं. जड जहाज मागे लागलं की उथळ खाडीत शिरायचं, किल्ल्याच्या माऱ्याखाली. १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले आणि हात हलवत परत गेले, ते काही जहाजं मोजून नव्हे. खेळातले मराठे म्हणजे भगवं निशाण लावलेले इंग्रजच.

अर्थात खाडीचा आसरा दरवेळी तारत नाही. फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार दाटीवाटीनं नांगरलेलं होतं. एका जहाजाला आग लागली आणि बघता बघता सगळं पेटलं. समोर इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह, आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज. गर्दीबद्दल संगणकाला हसताना हे आठवलं.

१३ जुलै

मोहीम पुढे सरकवली. धरलेली सहा जहाजं पार चाळण झालेली. बंदरात नेऊन दुरुस्त करायची तर खजिना रिकामा. भाचा म्हणतो, मोडीत काढ आणि त्या पैशांत आपली दोन नवी बांध. मला वाटतं चार मोडावीत, दोन ठेवावीत. तेवढ्यात नकाशाच्या पश्चिम कडेला आणखी एक ताफा दिसला. किती जहाजांचा ते अजून कळत नाही, म्हणून आधी टेहळणीला सलूप पाठवली. या वेळी भाच्याला विचारून.