शाळेचे मागचे फाटक

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी कापडबाजाराच्या टोकाला एक शाळा आहे. गावातील व्यापाऱ्यांनी वर्गणी गोळा करून ती उभी केली आणि आज त्याच घराण्यांची तिसरी पिढी तेथे शिकते आहे. शाळेसमोर एक जुने कापडाचे दुकान आहे. दुकानाचे मालक शाळेच्या संस्थेचे विश्वस्त व खजिनदार. गावात सारे त्यांना शेठजी म्हणतात. त्यांची नात याच शाळेत चौथीत होती, तेव्हाची ही हकिगत.

शाळेला पूर्वी कमरेइतकी दगडी भिंत आणि तिच्यावर लोखंडी गज होते. दुकानातील गादीवर बसल्या जागी सारे मैदान दिसे. मधल्या सुट्टीत कोण पडले, कोण एकटेच झाडाखाली बसले आहे, कोणता अनोळखी माणूस फाटकाशी घुटमळतो आहे, हे शेठजींच्या, शेजारच्या भांड्यांच्या दुकानदाराच्या आणि कोपऱ्यावरच्या वह्या-पुस्तकवाल्याच्या नजरेतून सुटत नसे. हे काम त्यांना कोणी नेमून दिले नव्हते. आपण काही काम करीत आहोत, असे त्यांना स्वतःलाही वाटत नव्हते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना घडली. एका शाळेत बालवर्गातील दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, लोक रुळांवर उतरले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. राज्य शासनाने शाळांना महिनाभरात सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करून घेण्याचे आणि तक्रारपेटी ठेवण्याचे आदेश दिले. त्या आठवड्यात महाराष्ट्रातील कोणत्याही घरात दुसरा विषय नव्हता. शेठजींच्या घरीही सून दोन रात्री नीट झोपली नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कार्यकारिणीची बैठक झाली. ठराव शेठजींनीच मांडला. भिंत आठ फूट उंच व सलग करावी, गज काढून टाकावेत, पुढच्या फाटकाला पत्रा ठोकावा, मागच्या गल्लीत उघडणारे फाटक कायमचे कुलूपबंद ठेवावे, पालकांना फाटकाबाहेरच थांबवावे. ते म्हणाले, “आपण दुकानातल्या गल्ल्याला कुलूप लावतो, घरच्या तिजोरीला लावतो. मुले त्याहून कमी मोलाची आहेत का?” या वाक्यानंतर विरोधाला जागाच उरली नाही. मुख्याध्यापिकांनी तेवढे एक विचारले, “शेठजी, मागच्या फाटकाची किल्ली कोणाकडे राहील?” इतिवृत्तात नोंद झाली : किल्ली चौकीदाराकडे राहील.

भिंतीचा बहुतेक खर्च शेठजींनी स्वतः सोसला. दिवाळीच्या सुट्टीत काम पुरे झाले. फाटकाशेजारी त्यांच्या दिवंगत मातोश्रींच्या नावाचा संगमरवरी फलक बसला. चार कॅमेरेही लागले. गावाने समाधानाचा निःश्वास टाकला.

बदल हळूहळू जाणवू लागले. बालवाडीच्या मुलांना सोडायला येणाऱ्या आया पूर्वी वर्गाच्या दारापर्यंत जात, बाईंशी दोन शब्द बोलत. “काल रात्री ताप होता, जरा लक्ष ठेवा,” एवढे सांगून निघत. आता त्या पत्र्याबाहेरून परतू लागल्या. दुकानाच्या गादीवरून आता फक्त भिंत दिसे. मैदानातून रडण्याचा आवाज आला, तर तो खेळातला की खरा, हे कळायला मार्ग उरला नव्हता. भांड्यांचे दुकानदार एकदा सहज म्हणाले, “शेठजी, शाळा आता समोर असून नसल्यासारखी झाली.” शेठजींनी ते मनावर घेतले नाही. सुरक्षिततेची काही किंमत मोजावीच लागते, असे त्यांचे उत्तर होते.

जानेवारीत नगरपरिषदेच्या अग्निशमन दलाने शाळेत मॉक ड्रिल घेतले. घंटा झाली. ठरल्याप्रमाणे वरच्या मजल्यावरील वर्ग मागच्या जिन्याने उतरले आणि ओळीने मागच्या फाटकापाशी आले. फाटकाला कुलूप होते. किल्ली चौकीदाराच्या खिशात होती आणि चौकीदाराला कार्यालयाने बँकेत भरणा करायला पाठवले होते. दुसरी किल्ली कपाटात असल्याचे कोणालातरी आठवले. पण कपाटाची किल्ली लिपिकाकडे, आणि लिपिक रजेवर. मागून येणारे वर्ग पुढच्यांवर दाटू लागले. सुरुवातीला मुले हसत होती, मग पुढची लहान मुले गजांशी चेपू लागली आणि हसणे थांबले. त्या गर्दीत शेठजींची नात होती. शेठजी पलीकडच्या गल्लीत, निरीक्षक म्हणून, हातात घड्याळ घेऊन उभे होते. कुलूप उघडले तेव्हा अकरा मिनिटे झाली होती.

कोणालाही इजा झाली नाही. अग्निशमन अधिकारी रागावले नाहीत. त्यांनी एवढेच म्हटले, “धूर अकरा मिनिटे थांबत नाही. कुंभकोणमचे नाव ऐकले असेल आपण.”

१६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरात लागलेली आग गवताच्या छपराला भिडली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. वरच्या मजल्यावरून खाली येण्यास अरुंद जिना होता. त्याआधी, २३ डिसेंबर १९९५ रोजी, हरियाणातील डबवाली येथे एका शाळेच्या बक्षीस समारंभात मंडपाने पेट घेतला आणि चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. बाहेर पडण्याची वाट अपुरी होती. या दोन्ही ठिकाणी कोणी परका माणूस शिरला नव्हता. जे आत होते, त्यांना बाहेर पडता आले नाही. कुंभकोणमनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये निकाल देताना सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला.

यांहून जुनी एक घटना तर कुलुपाच्या प्रश्नाशी थेट भिडते. इंग्लंडमधील संडरलँड येथे १६ जून १८८३ रोजी व्हिक्टोरिया हॉल या सभागृहात मुलांसाठी जादूचे प्रयोग होते. शेवटी खेळणी वाटली जात आहेत, असे पाहून सज्जातील मुले जिन्याने खाली धावली. जिन्याच्या पायथ्याशी दार होते. ते आतल्या बाजूस उघडणारे होते आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून त्याला अडसर घातला होता. १८३ मुले गुदमरून मेली. अडसर घालणाऱ्याचा हेतू वाईट असण्याचे काही कारण नव्हते, एकेकाने शिस्तीत जावे एवढाच असावा. या दुर्घटनेनंतर इंग्लंडमध्ये बाहेर जाण्याच्या दारांविषयी नव्याने विचार झाला, आणि आतून दांडा ढकलला की उघडणाऱ्या दाराचे पेटंट रॉबर्ट ब्रिग्ज यांनी १८९२ मध्ये घेतले. ते दार बाहेरच्यास बंद असते आणि आतल्यास सदैव उघडे. भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतही निर्गमनाचे दार आतून किल्लीवाचून उघडले पाहिजे, असा दंडक आहे.

तिजोरीच्या उपमेतील दोष येथे लक्षात येतो. बँकेच्या तिजोरीघराच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात, एकट्याला ते उघडता येऊ नये म्हणून. रोकडीसाठी ही व्यवस्था उत्तम आहे, कारण रोकडीला आग लागली असता स्वतःच्या पायांनी बाहेर यावे लागत नाही. मुलांना यावे लागते.

याचा अर्थ कुलूपच नको, असा मात्र नाही. १४ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात सँडी हूक शाळेत एका बंदूकधाऱ्याने २० मुले व ६ प्रौढ यांचा बळी घेतला. शाळेचे मुख्य दार बंदच होते. शेजारची काच गोळ्यांनी फोडून तो आत शिरला. चौकशी आयोगाने आग्रह धरला तो प्रत्येक वर्गाचे दार शिक्षकाला आतून बंद करता यावे, याचा. २०१६ मध्ये तेथे नवी शाळा उभी राहिली, तीही किल्ल्यासारखी नाही. दर्शनी बाजूस पावसाचे पाणी मुरवणारी बाग आहे, तिच्यावरील छोट्या पुलांवरूनच आत जाता येते, आणि मोठ्या खिडक्यांतून येणारा माणूस दुरूनच दिसतो. इतके भोगलेल्या गावानेही मुलांना भिंतीआड कोंडले नाही.

उंच भिंतीचा तिसरा दोष तर बदलापूरनेच दाखवून दिला होता, पण भीतीच्या भरात तो कोणी पाहिला नाही. तेथे आरोप होता तो शाळेत कामाला असलेल्या माणसावर. त्याला भिंत ओलांडावी लागली नव्हती. बालकांवरील लैंगिक अत्याचारांत आरोपी बहुतांश वेळा मुलाच्या ओळखीचाच असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षे सांगत आहेत. अशा माणसाला पत्रा ठोकलेले फाटक अडवत नाही. त्याला अडसर असतो तो येणाऱ्या-जाणाऱ्या आयांचा, काचेच्या झरोक्याच्या वर्गदारांचा, मुलाचे बोलणे ऐकून घेणाऱ्या बाईंचा आणि समोरच्या दुकानांतून दिसणाऱ्या मैदानाचा. शहरांचा अभ्यास करणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये हेच मांडले होते, की रस्ता सुरक्षित राखतात ते त्यावर नजर असलेले नेहमीचे लोक, आणि त्यांत दुकानदार पहिले. कापडबाजाराला हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. भिंत बांधताना विसरले गेले.

फेब्रुवारीच्या बैठकीत शेठजी उभे राहिले. त्यांनी स्वतःचाच ठराव वाचून दाखवला आणि म्हणाले, “हे माझे चुकले. बाईंनी त्या दिवशी योग्य प्रश्न विचारला होता, मी उत्तर दिले नाही.” सभा काही वेळ शांत राहिली. मग एका तरुण विश्वस्ताने उलट बाजू मांडली. “भिंत पाडल्यावर उद्या काही विपरीत घडले, तर लोक आपल्यालाच विचारतील. तेव्हा कोण उत्तर देणार?” हा प्रश्न खोटा नव्हता. दोन तास चर्चा झाली. शिक्षणहक्क कायद्याची अनुसूचीही कोणी वाचून दाखवली. तीत शाळेला भिंत किंवा कुंपण हवे असे म्हटले आहे, आणि त्याच यादीत दिव्यांग मुलांसाठी अडथळामुक्त प्रवेशही हवा असे म्हटले आहे. दोन्ही एकत्र नांदू शकतात, हे कायद्याने गृहीतच धरले आहे.

शेवटी ठरले ते असे. मागच्या फाटकाचे कुलूप काढून आतून सहज उघडणारी कडी बसवावी. बाहेरून ती उघडू नये. रस्त्याकडील भिंत कमरेपर्यंत उतरवून वर पुन्हा उंच गज लावावेत. बाकी तीन बाजू आहे तशा राहाव्यात. शाळेच्या वेळात येणे पुढच्या एकाच फाटकातून, नोंदवहीत नाव लिहून. बालवाडीच्या आयांना सकाळी पंधरा मिनिटे वर्गाच्या दारापर्यंत मुभा असावी. स्वच्छतागृहांच्या बाहेरील वाटेवर कॅमेरा व महिला सेविका, दोन्ही असावीत. कारण कॅमेरा घडलेले नोंदवतो, घडत असताना हाक मारीत नाही. कोणत्याही मुलाने काही सांगितले, तर संस्थेच्या अब्रूचा विचार न करता त्याच दिवशी पोलिसांना कळवावे; २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते बंधनकारकच आहे. तरुण विश्वस्तांनी गजांविषयी आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घेतला, आणि तो सन्मानाने नोंदवला गेला.

रस्त्याकडची भिंत उतरवताना मातोश्रींच्या नावाचा फलक काढावा लागला. गवंड्याने तो जपून काढला, तरी एक कोपरा दुखावला. आता तो पिण्याच्या पाण्याच्या नळांशेजारी आहे. नवा फलक करून देण्याची सूचना आली, तेव्हा शेठजींनी नको म्हटले.

जुलैत पुन्हा ड्रिल झाले. सारी शाळा तीन मिनिटांच्या आत गल्लीत उभी होती. तेव्हापासून कार्यकारिणीच्या प्रत्येक बैठकीत, जमाखर्च वाचण्याच्याही आधी, एक विषय असतो. मुख्याध्यापिका विचारतात, “मागच्या फाटकाची कडी या महिन्यात कोणी उघडून पाहिली?” ज्याने पाहिली असेल, त्याचे नाव व तारीख इतिवृत्तात लिहिली जाते.