'ळ'चे पोट आणि एक यंत्र



लाकूड घासायचे एक यंत्र घ्यायचे म्हणून गेले चार महिने मी जेवढे वाचले, तेवढे बी.ए.च्या शेवटच्या वर्षालाही वाचले नव्हते. घरच्यांना वाटते, म्हाताऱ्याला खेळणे हवे आहे. त्यातही थोडे खरे आहेच म्हणा!

कारण मात्र वेगळे आहे. मी सागवानी फळ्यांच्या तुकड्यांतून वीतभर उंचीची मुळाक्षरे कापतो. आमच्या बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. पोरे कधी आईबापांबरोबर जातात, कधी आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. शाळा अशी मध्येच सुटली की आधी निसटते ते अक्षर. तेव्हा हातात धरून, कडेवरून बोट फिरवून ओळखता येईल असा 'क' त्यांना द्यावा, एवढाच माझा उद्योग. बोट फिरवायचे म्हणजे कड गुळगुळीत हवी, कुसळ लागता कामा नये.

कापायला जिगसॉ आहे. घासायचे काम आजवर आम्ही दोघे करत होतो, मी कानशीने आणि सौ. काचपेपरने. दोन वर्षांपूर्वी तिला दम्याचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी लाकडाची धूळ पूर्ण बंद सांगितली. इकडे माझी बोटे संधिवाताने आखडलेली. एका 'ळ'ला अख्खी सकाळ जाते.

आता देवनागरीची गंमत बघा. शिरोरेषा आणि काना सरळ. त्यांना बेल्ट सँडर उत्तम. घासपेपरचा अखंड पट्टा दोन रुळांवर फिरत असतो, त्याला लाकूड टेकवायचे. बाहेरची गोलाईही त्यावर होते. पण 'ळ'च्या पोटात सपाट पट्टा शिरणार कसा? तिथे स्पिंडल सँडर लागते. टेबलाच्या मधोमध उभा दांडा, त्यावर रबरी ड्रम आणि ड्रमवर चढवलेली घासपेपरची नळी. दांडा गोल फिरतो आणि फिरता फिरता खालीवरही होतो. हे खालीवर होणेच महत्त्वाचे. नाहीतर लाकडावर आडवे चरे पडतात, कड करपते आणि नळी एकाच जागी झिजते.

काही यंत्रांत ही दोन्ही कामे होतात. ड्रम काढायचा आणि त्याच जागी पट्ट्याचा जोड बसवायचा. माझी 'कार्यशाळा' म्हणजे ८ बाय १० फुटांची पत्र्याची शेड, त्यात स्कूटरही उभी. दोन वेगळी यंत्रे आणली तर मी बाहेर!

अमेरिकेतला भाचा म्हणाला, "मामा, रिजिडचं घेऊन येतो." होम डेपोत मिळणारे हे दुहेरी यंत्र तिकडच्या हौशी सुतारांत चांगले नावाजलेले आहे. पण ते १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे. आपल्याकडे २३० आणि ५०. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरवता येतात, हर्ट्झ बदलत नाहीत. इंडक्शन मोटर अशा विजेवर साधारण सहाव्या हिश्श्याने मंद फिरते आणि तापतेही. शिवाय उद्या एखादा भाग तुटला तर तो काय सुभाष रोडवर मिळणार आहे? भाच्याला म्हटले, बाबा, तू फक्त ये.

दुसरा सल्ला स्वस्तातला होता. उभ्या ड्रिल मशीनलाच घासायचा ड्रम लावा. यात खालीवर होणे नाही. ड्रिलचे बेअरिंगही मुख्यतः खालच्या दिशेने दाब घेण्यासाठी असते, रोज बाजूने रेटा दिला तर ते लवकर खिळखिळे होते. हे सगळे मी चालवून घेतले असते. पण ड्रिलला धूळ ओढून घ्यायची सोय नसते, आणि माझ्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला.

कारण यंत्राची धूळ हातकामापेक्षा जास्त उडते, आणि तिच्यातला बारीक भाग बराच वेळ हवेत तरंगत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक ठरवले आहे. म्हणजे हा केवळ दमेकऱ्याचा नाजूकपणा नव्हे. व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडता येईल असे तोंड यंत्राला हवेच. तरी सगळी धूळ त्यात जात नाही. म्हणून एन-९५ मास्क, घराकडच्या खिडक्या बंद आणि कपडे शेडमध्येच बदलायचे. या सौ.च्या अटी. मी जरा कुरकुर केली तर म्हणाली, "अहो, यंत्र तुमचं असेल, श्वास माझा आहे." यावर काय बोलणार!

तर ठरले. २३० व्होल्टचे, दुहेरी, धूळतोंड असलेले. पट्टा १०० बाय ६१० मिलिमीटरचा बघून घेतला, कारण मकितासारख्या कंपन्यांच्या हातातल्या सँडरलाही तोच लागतो आणि बाजारात मिळतो. नळ्यांचे तसे नाही, त्या शोधाव्या लागतात. पेन्शनरने यंत्राच्या किमतीआधी या खर्चाचा हिशेब करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक अडचण उरली. सगळ्यात लहान ड्रम १३ मिलिमीटरचा, आणि माझ्या जुन्या साच्यात 'ळ'चे पोट जेमतेम १० चे. यंत्र बदलत नाही म्हटल्यावर अक्षर बदलायचे ठरवले. आतली प्रत्येक गोलाई निदान १६ मिलिमीटरची हवी. (मराठीचा मास्तर असून लोखंडासाठी वळण बदलतो आहे, माझ्या गुरुजींनी कान धरला असता.) 'ब' मात्र दाद देत नाही. त्याच्या पोटातली तिरकी रेघ जिथे टेकते तिथे टोकदार कोपरा होतो आणि गोल ड्रम कोपऱ्यात कधीच पोचत नाही. 'ब' कानशीनेच होणार.

यंत्र पुढच्या आठवड्यात संभाजीनगरहून येईल. पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांनी मिठाई आणू नये, १२० नंबरच्या १३ मिलिमीटर नळ्या मिळाल्या तर आणाव्यात. सौ. सध्या आतल्या खोलीत पुठ्ठ्यावर नवे साचे आखत बसते. काल रात्री 'ण' झाला, आज 'त' घेतला आहे.