काकूंची कडी

इंदूरच्या आमच्या जुन्या वाड्यात रात्री निजानीज होण्याच्या सुमारास एक खेळ चाले. थोरल्या काकू दिंडीची कडी लावावयास निघाल्या, की आम्ही मुले जिन्याच्या पायऱ्यांवर दबा धरून बसत असू. काकू कडी लावीत, दोन पावले मागे सरत, आणि पुन्हा पुढे होऊन ती हाताने चाचपून पाहत. असे सात वेळा व्हावयाचे. ओठांतल्या ओठांत त्या आकडे मोजीत. पाचव्या खेपेला आमच्यातील एखादा द्वाड मोठ्याने "तीन!" असे ओरडे. काकू थबकत, आणि मुकाट्याने पुन्हा एकपासून आरंभ करीत. आम्ही पोट धरधरून हसत असू. ओरडणारा तो द्वाड बहुतेक वेळा आम्हीच असू, हे येथे कबूल केलेले बरे.

वडील मंडळी "काकूंना मंत्रचळ लागला आहे" एवढेच म्हणत आणि कूस बदलीत. त्या शब्दाने जणू सर्वांचे समाधान होई.

पुढे वाचनाचा नाद लागला, आणि एके दिवशी बॉस्वेलने लिहिलेले डॉक्टर जॉन्सनचे चरित्र हाती आले. हा ग्रंथ १७९१ सालचा. १७५५ साली इंग्रजी भाषेचा प्रचंड कोश प्रसिद्ध करणारा हा विद्वान दारातून आत-बाहेर करताना ठरावीक जागेपासून मोजकी पावले टाकी. उंबरठ्यापाशी ठरलेलेच पाऊल पुढे पडावे, असा त्याचा कटाक्ष असे. हिशेब चुकला, तर तो मागे परते, नीट उभा राहून सारा विधी नव्याने करी, आणि मग झपाझप चालत सोबत्यास गाठी. हे वाचताच पुस्तक मिटून आम्ही कितीतरी वेळ स्वस्थ बसलो. जॉन्सनला नेमका कोणता विकार होता, याचा तर्क वैद्य आजही करीत असतात. आमच्या डोळ्यांपुढे मात्र दिंडी उभी राहिली होती. बॉस्वेलने त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट नोंदविली आहे: या वागण्याचे कारण विचारण्याचे धाडस जॉन्सनच्या एकाही मित्राने कधी केले नाही.

बॉस्वेलने जे पाहिले, ते बाहेरून. आतले दुःख आम्हांस जॉन बन्यनच्या आत्मकथनात भेटले. बन्यनच्या रूपककथेचा 'यात्रिकक्रमण' हा मराठी अनुवाद हरी केशवजी यांनी १८४१ सालीच केला होता. त्याचे आत्मकथन मात्र त्याहून जुने, १६६६ सालचे, आणि तेही तुरुंगात लिहिलेले. "ख्रिस्ताला विकून टाक" हा एकच विचार जेवताना, लाकूड तोडताना, खाली पडलेली टाचणी उचलताना या भाविक माणसाच्या मनात घुसे, आणि तो "नाही, नाही" म्हणून त्यास परतवून लावण्यात थकून जाई. देवळाची घंटा वाजविण्याचा छंद त्याने सोडला, तरी ती पाहावयास तो जाई. मग मनात येई, घंटा अंगावर पडली तर? तो तुळईखाली उभा राही. ती भिंतीवर आपटून आपल्यावर आली तर? तो दारात येऊन उभा राही. मनोराच कोसळला तर? अखेरीस तो तेथून पळ काढी. तो जितका मागे सरे, तितकी शंका पुढे येई.

जॉन ग्रीन या अमेरिकन लेखकाची 'टर्टल्स ऑल द वे डाउन' ही कादंबरी २०१७ साली प्रसिद्ध झाली. लेखकास स्वतःला हा विकार आहे. सोळा वर्षांची एझा आपल्या बोटाची जखम वरचेवर उघडून धुते आणि तिच्यावर नवी पट्टी लावते. रोगजंतू शरीरात शिरल्याची भीती क्षणभर मावळते आणि दुप्पट बळाने परत येते. तिची जिवलग मैत्रीण गोष्टी लिहिते. त्या गोष्टींतील एक तापदायक पात्र आपल्यावरूनच बेतले आहे, हे एझाला एके दिवशी वाचताना कळते. ते प्रकरण आम्हांस एका बैठकीत वाचवले नाही. जिन्यावर बसून आम्ही दुसरे काय करीत होतो?

आज या विकारावर उपचार आहेत. औषधे आहेत, आणि भीतीस थोडेथोडे सामोरे जाऊन ती कृती टाळण्याचा अभ्यासही तज्ज्ञ करवून घेतात. पुष्कळांस त्याने आराम पडतो. "मन घट्ट कर" म्हणून तो पडत नाही. कडी लागली आहे, हे रोग्यास आपल्याइतकेच ठाऊक असते.

काकूंनी आता ऐंशी ओलांडली आहे. गेल्या दिवाळीत त्यांच्यापाशी बसलो असता, चाळीस वर्षे न विचारलेला प्रश्न आम्ही धीर करून विचारला, "काकू, कडी लावताना तुमच्या मनात काय येत असे?"

त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "कडी उघडी राहिली आणि कुणी आत शिरलं तर? तुम्ही सगळी पोरं तिथंच, ओसरीवर निजलेली असायचात ना रे."

मग आमच्याकडे पाहून किंचित हसल्या. "पण तू मधेच ओरडलास, की पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागायचं."