प्रवासाची गंगाजळी

मनुष्याला फुकट मिळालेल्या वस्तूचें जेवढें अप्रूप वाटतें, तेवढें पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचें वाटत नाहीं. घासाघीस करून घेतलेल्या मेथीच्या जुडीपेक्षां भाजीवालीनें आपण होऊन पिशवींत टाकलेल्या कोथिंबिरीच्या चार काड्या घरीं अधिक कौतुकानें दाखवल्या जातात. बँकांच्या चालकांनीं मनुष्यस्वभावाचा अभ्यास कोठें केला असेल तें असो. परंतु या कोथिंबिरीचें मर्म त्यांना नेमकें सांपडलें आहे. क्रेडिट कार्डावर मिळणारे प्रवासाचे पॉइंट म्हणजे तीच कोथिंबीर.

कार्डानें खर्च करा, दर शंभर रुपयांमागें अमुक पॉइंट मिळवा, आणि पुरेसे सांचले म्हणजे त्यांच्या मोबदल्यांत विमानानें फिरून या, असा हा व्यवहार. १९८१ सालीं अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीनें नेहमींच्या उतारूंच्या मैलांचा हिशेब ठेवून त्यांना बक्षीस देण्याची योजना काढली, तेव्हां ते मैल निदान खरोखर उडावे लागत. पुढें बँका या व्यवहारांत शिरल्या, आणि महिन्याचें वाणसामान भरूनहि मैल जमूं लागले. घराचा उंबरठा न ओलांडतां यात्रेचें पुण्य पदरांत पाडून घेण्याची अशी सोय आपल्या पूर्वजांनाहि सुचली नव्हती.

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं अशा दोन कार्डांतून एकाची निवड करण्याचा प्रसंग आला. पहिलें कार्ड काळेंभोर, हातांत घेतल्यावर वजन जाणवणारें; वार्षिक फी १०,००० रुपये, तिच्यावर १८ टक्के कर, आणि बदल्यांत शंभर रुपयांच्या खर्चामागें सुमारें दोन रुपये किंमतीचे विमानप्रवासाचे पॉइंट. दुसरें अगदींच साधें. फी नाहीं, आणि खर्चाचा एक टक्का बिलांतूनच वजा. चिरंजीवांचा कौल अर्थातच पहिल्याला. “बाबा, दोन टक्के म्हणजे एक टक्क्याच्या दुप्पट,” हें गूढ गणित त्यांनीं मला उलगडून सांगितलें.

सौभाग्यवतींनीं मात्र एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिल चालवली. कार्डावर जाण्याजोगा आमचा वर्षाचा खर्च तीन लाखांच्या घरांतला. त्यावर पहिलें कार्ड ६,००० रुपये देणार आणि करासह ११,८०० रुपये घेणार. दुसरें ३,००० देणार आणि कांहींच घेणार नाहीं. “अहो, पहिलें दुसऱ्याच्या बरोबरीला यायचें तर वर्षाला ११,८०,००० रुपये खर्च करायला हवेत,” ती म्हणाली, “तेवढे आणायचे कोठून, तें बँकेनें लिहिलें आहे का कोठें?” बँकेनें तें लिहिलेलें नव्हतें.

परंतु अशा बाबतींत हिशेब संपला म्हणजे प्रश्न संपतो असें नाहीं. कारण कार्ड निवडतांना मनुष्य टक्केवारी निवडीत नसतो. तो स्वतःचें एक चित्र निवडीत असतो. काळ्या कार्डाचा धनी विमानतळावर गर्दीकडे पाठ फिरवून लाउंजमध्यें शिरतो आणि तेथील कोचावर बसून वर्तमानपत्र चाळतो. माझे एक स्नेही तेथील फुकटची इडली खाण्यासाठीं विमानाच्या वेळेआधीं चार तास घर सोडतात. हल्लीं कित्येक बँका मागल्या तिमाहींत ठराविक खर्च केला असेल तरच लाउंजचें दार उघडतात. त्यामुळें गेल्या मार्चअखेरीस हेच स्नेही, घरांत दोन मिक्सर असतांना, तिसरा विकत घेत असलेले मला आढळले. इडलीची खरी किंमत त्या दिवशीं मला कळली.

ही गोष्ट एकट्या माझ्या स्नेह्यांची नव्हे. अमेरिकेंत प्रेलेक आणि सिमेस्टर या दोन अध्यापकांनीं विद्यार्थ्यांकडून बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठीं बोली मागवल्या. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत कार्डानें पैसे देणाऱ्यांची बोली रोख देणाऱ्यांच्या दुपटीच्या घरांत गेली. नोट हातांतून सुटतांना जी बारीकशी कळ येते, ती कार्ड देतांना येत नाहीं. एक टक्का मिळवण्याच्या नादांत मूठ दहा टक्के सैल झाली, तर लाभ कोणाचा झाला हें सांगायला नको. शिवाय बिल पूर्ण भरलें नाहीं तर पुष्कळ कार्डांवर महिन्याला सुमारें साडेतीन टक्के व्याज चढतें. ५०,००० रुपये एक महिना थकले कीं १,७५० रुपये गेले. म्हणजे आमच्या साध्या कार्डाची सात महिन्यांची कमाई एका महिन्यांत बुडाली.

आणि जमवलेल्या पॉइंटांचा तरी भरंवसा काय? १०० रुपयांची नोट उद्यांहि १०० रुपयांचीच राहील. पण आज दहा हजार पॉइंटांत मिळणारें तिकीट उद्यां पंधरा हजारांत मिळेल असें एक पत्रक काढलें, कीं आपली एकतृतीयांश पुंजी बसल्या जागीं नाहींशी होते. विमानकंपन्याहि चिरंजीव नसतात. २०१२ सालीं किंगफिशरचीं विमानें थांबलीं, २०१९ सालीं जेट एअरवेजचीं थांबलीं, आणि २०२४ च्या नोव्हेंबरांत विस्तारा एअर इंडियांत विलीन झाली. जेटचे मैल पुढें दुसऱ्या नांवानें शिल्लक राहिले. पण ज्या विमानांत बसण्यासाठीं ते लोकांनीं जमवले होते, तें विमान मात्र उरलें नव्हतें.

आपल्या भाषेंत गंगाजळी हा एक सुंदर शब्द आहे. काशीयात्रेहून परतणारा मनुष्य ज्या लहानशा भांड्यांतून गंगेचें पाणी आणी, ती गंगाजळी. आणि अडीअडचणीसाठीं राखून ठेवलेला पैसा, तीहि गंगाजळीच. देवघरांत तोंड बंद करून ठेवलेलें तें भांडें वर्षानुवर्षें तसेंच राही. त्यांतलें पाणी कमी झाल्याचें पत्रक कोणी काढीत नसे. पण याहूनहि मोठा भेद मला दिसतो तो निराळाच. गंगाजळी घरीं येई ती यात्रा झाल्यावर. पॉइंट सांचतात ते यात्रेच्या आधीं, आणि पुष्कळदां यात्रेच्या ऐवजीं.

हें मला सुचलें तें इंदूरच्या ताईमुळें. ताई माझी थोरली बहीण, वय ब्याऐंशी. दर रविवारीं फोनवर ती विचारते, “कधीं येतोस रे?” आणि अलीकडे तेंच दहा मिनिटांनीं पुन्हां विचारते. कार्डांची चर्चा रंगांत आली असतां चिरंजीव म्हणाले, “दोन वर्षें पॉइंट जमवूं. मग तुम्हां दोघांनाहि आत्याकडे फुकट जातां येईल.” मुलाच्या मनांत कांहीं वांकडें नव्हतें, त्याच्या वयाला दोन वर्षें म्हणजे खिशांतली मोड. पण सौभाग्यवतींची पेन्सिल थांबली. लग्नपत्रिकेच्या पाठीवर फी, कर, व्याज या सगळ्यांचे रकाने होते. ताईच्या दोन वर्षांचा रकाना नव्हता, आणि तो कोठें मांडावा हें आम्हां दोघांनाहि उमगेना.

कोणतें कार्ड घ्यावें असें आतां मला कोणी विचारलें, तर मी टक्केवारीकडे मागाहून वळेन. आधीं विचारीन कीं, तुम्हांला कोणाकडे जायचें आहे, आणि तें माणूस किती दिवस वाट पाहूं शकेल? ज्याला धंद्याच्या निमित्तानें महिन्यांतून चारदां विमानांत बसावें लागतें, त्यानें खुशाल काळें कार्ड घ्यावें. त्याची यात्रा चालूच आहे, पॉइंट तिच्या मागोमाग येतील. पण ज्याची यात्रा पॉइंटांसाठीं अडून राहिली आहे, त्याला फुकटचें तिकीट फार महाग पडण्याचा संभव आहे.

आम्हीं साधें कार्ड घेतलें. त्यावरचा पहिलाच खर्च इंदूरच्या तिकिटांचा झाला. २०,००० रुपये गेले, २०० परत आले. ताईला फोन केला तेव्हां तिनें आधीं तिकिटांचा भाव विचारला, आणि एवढे पैसे उधळल्याबद्दल लहानपणीं रागवायची तशीच ती मला रागावली. रागावून झाल्यावर म्हणाली, “बरें, राहाणार किती दिवस?”