त्र्यंबकच्या वह्या, वॉर्साच्या बाटल्या

देवळालीहून नाशिकमार्गे त्र्यंबकेश्वरकडे निघालेल्या प्रवाशाला दुसऱ्या महायुद्धाची खूण आरंभीच भेटते. 1941 मध्ये देवळालीच्या छावणीत ब्रिटिश सरकारने जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना स्थानबद्ध, म्हणजे खटल्याविना नजरकैदेत, ठेवले होते. त्याआधी 1939 मध्ये अहमदनगरच्या छावणीत तर हिटलरच्या छळातून निसटलेले ज्यू आणि हिटलरचे चाहते एकाच तारेच्या कुंपणात कोंडले गेले, कारण दोघांचेही पारपत्र जर्मन होते. छळणारा कोण आणि छळला गेलेला कोण, हे ठरवायला सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, हे फारसे भूषणावह नाही.

नाशिक मागे टाकल्यावर डावीकडे अंजनेरीचा, मग समोर ब्रह्मगिरीचा डोंगर. नानासाहेब पेशव्यांनी उभारायला घेतलेले काळ्या दगडाचे मंदिर आणि कुशावर्त कुंड यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. नावे लिहून जपण्याच्या प्रस्तुत विषयाला जवळच्या आहेत त्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या वंशपरंपरागत पुरोहितांच्या, नामावळीच्या वह्या. मूळ गाव, आडनाव विचारले जाते, कापडात बांधलेले बाड सोडले जाते, आणि मोडी अक्षरांतून यजमानाचा पणजोबा सापडतो. त्याखाली नव्या पिढीची नावे लिहून सही घेतली जाते, कारण पुढची पिढी येणार हे इथे गृहीतच असते.

त्याच महायुद्धात हे गृहीत जिथे मोडले, तिथेही कोणीतरी नावे लिहून ठेवली. वॉर्साच्या घेट्टोतून, म्हणजे ज्यूंना भिंतीआड डांबलेल्या वस्तीतून, मुले बाहेर काढणाऱ्या इरेना सेंडलर या समाजकल्याण खात्यातील कर्मचारी होत्या आणि 1943 पासून ‘झेगोटा’ या गुप्त मदतसंघटनेचा बालविभाग त्यांच्याकडे होता. कॉन्व्हेंटमध्ये, अनाथाश्रमांत, अनोळखी घरांत लपलेल्या या मुलांना ख्रिस्ती नावे मिळत आणि कॅथलिक प्रार्थना घोकून घ्याव्या लागत, कारण भर रस्त्यात कोणी म्हणायला सांगितलीच, तर अडखळणे जिवावर बेतणारे होते. तान्ह्यांना तर खरे नाव ठाऊकच नव्हते. म्हणून खरे नाव, खोटे नाव आणि ठिकाण पातळ कागदाच्या पट्ट्यांवर सांकेतिक रीतीने लिहून त्या बाटल्यांत घालून सफरचंदाच्या झाडाखाली पुरल्या गेल्या. मुलांची संख्या सुमारे 2500 सांगितली जाते, तिच्याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. यादीचे मोल मात्र संख्येवर अवलंबून नाही.

ऑक्टोबर 1943 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, सेंडलर यांना पकडून छळले, तरी यादी गेस्टापोच्या हाती लागली नाही. युद्धानंतर ती पोलंडमधील ज्यू समितीकडे सोपवण्यात आली. तोवर यादीतल्या बहुतेक मुलांचे आईवडील ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत मारले गेले होते.