धरण, धरना आणि बांध

४ जानेवारी

बिहारमधल्या शेतकऱ्यांची एक तुकडी आज आमचं राळेगणसिद्धी गाव बघायला आली. वाडेगव्हाणला एसटीच्या कंडक्टरनं "फाटा, फाटा!" अशी हाळी दिली, तेव्हा त्यातल्या एकानं आधी पिशवी चाचपली, मग धोतर. त्यानं स्वतःच हसत हसत सांगितलं.

पाणलोटाची कामं दाखवायला आमचा एक तरुण कार्यकर्ता होता. त्यानं झोकात सुरुवात केली, "हमारे यहां हर खेत को बांध है!" पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. पारनेर तालुक्यातल्या या अवर्षणप्रवण गावात शेतागणिक धरण? त्यांचा बांध म्हणजे आपलं धरण, हे त्या पोराच्या गावीही नाही. एका वयस्कर पाहुण्यानं विचारलं, "इतने बांधों का पैसा किसने दिया?" पोरगं म्हणालं, "नहीं नहीं, धरण तो उधर घोड नदी पर है." त्यावर दुसरा लगेच, "अच्छा, धरना अब भी चल रहा है?"

राळेगणसिद्धीत येऊन असं विचारणाऱ्याला हसायचं तरी कोणत्या तोंडानं? आमच्याकडं धरण्यांची कमतरता कधीच नव्हती.

६ जानेवारी

नाला बंडिंग म्हटलं की उत्तरेकडच्या माणसाच्या नाकाला आपोआप रुमाल जातो. त्याच्या डोळ्यांपुढं शहरातलं गटार येतं. ओढ्याचं स्वच्छ पाणी दाखवल्यावर रुमाल खिशात जातो.

आजची मजा वेगळीच. एक पाहुणे पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना म्हणाले, "हमने भी पानी रोकने की बहुत चेष्टा की." आमचे तात्या गंभीर झाले. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातून गावी परतले, त्यानंतर गळका पाझर तलाव गावानं दुरुस्त केला, तो काळ तात्यांनी पाहिलेला. म्हणाले, "पाण्याची चेष्टा करू नये बाबा. आम्ही केली नाही, म्हणून विहिरींना पाणी आलं." पाहुण्यांना चेष्टा म्हणजे प्रयत्न म्हणायचं होतं. मी मध्ये पडलो नाही, कारण तात्यांचं उत्तर तसंही बरोबरच होतं.

शिक्षा या शब्दाचा विनोद आता इतका जुना झालाय, की तो इथं लिहीत नाही.

९ जानेवारी

भाचा स्वीडनला गोटेबर्गमध्ये असतो. त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाला, "मामा, इकडं इंग्रजी माणसांची अशीच फजिती होते." स्वीडिश भाषेत वेगाला फार्त म्हणतात. गाडी आत जायच्या रस्त्यावर 'इनफार्त', बाहेर पडायच्या रस्त्यावर 'उतफार्त' अशा पाट्या असतात. इंग्रजीत तीच अक्षरं म्हणजे पोटातला वायू, त्यामुळं पर्यटक पाटीखाली उभे राहून फोटो काढतात. छान म्हणायचं तर 'ब्रा'. आयकियानं तर लहान मुलांच्या एका फिरत्या टेबलाला 'फार्तफुल' नाव दिलं होतं. स्वीडिशमध्ये वेगवान, इंग्रजीत काय ते समजून घ्यावं.

मला सर्वांत आवडला तो गिफ्ट. लिहायचं तसंच, वाचायचं यिफ्त. अर्थ दोन: लग्न झालेला आणि विष. भाच्याच्या इंग्रज मित्राला यात फार मोठा विनोद दिसतो. शब्दाचं मूळ देण्यात आहे. मुलगी देणं आणि विष देणं. आपणही "पोरगी कुठं दिली?" असंच विचारतो की. हिला सांगितलं, तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "तिकडच्या बायकांनी ठेवलं असणार नाव."

११ जानेवारी

स्वीडिश शब्दाला इंग्रज हसतो, कारण तो परका आहे हे त्याला माहीत असतं. आपलं आणि हिंदीवाल्यांचं दुखणं निराळं. लिपी एक, शब्द एक, त्यामुळं कळलं असंच दोघांना वाटतं आणि हसायलाही कोणी थांबत नाही.

आज त्या पोरानं पाहुण्यांना अभिमानानं सांगितलं, "अण्णा के आंदोलन से मंत्रियों ने राजीनामा दिया." हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद. पाहुण्यांना वाटलं, मंत्र्यांनी समझोता केला! पुढं २०१९चं उपोषण निघालं. ३० जानेवारीला अण्णा इथंच यादवबाबा मंदिरात बसले आणि ५ फेब्रुवारीला, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी चर्चा झाल्यावर, त्यांनी उपोषण सोडलं. पोरानं भाषांतर केलं, "अनशन छोड़ दिया." पाहुण्याचा चेहरा पडला. "छोड़ दिया? बीच में ही?" आपल्याकडं उपास सोडतात, त्यांच्याकडं तोडतात. माणसानं लढाई टाकली की संपवली, एवढा फरक एका क्रियापदात जातो. हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ द्यायला आलेल्या त्या पोराला समोर बसवलं आणि कागदावर लिहून दिलं. पाहुण्यांना गाव दाखवणाऱ्या बाकीच्यांनीही हे उतरवून घ्यावं: शेताच्या बांधाला मेड़ म्हणा, धरणाला बांध. राजीनाम्याला इस्तीफा. अनशन तोड़ा म्हणा, छोड़ा नको. आणि नाल्याबद्दल काही बोलण्याआधी पाहुण्यांना ओढ्यावर घेऊन जा.