गोमांतकी आणि गोंयची

पहिला पाऊस पडला की शेतात जो गलका सुरू होतो, त्यात किती जातींचे बेडूक असतात? आमच्या गावचं वर्गीकरण सोपं आहे. मोठा तो बेबो, बाकी सगळी चिल्लर. आधार सरळसरळ जिभेचा! खाण्याजोग्याला नाव, उरलेल्यांना नाव हवंच कशाला?

शास्त्रज्ञांचंही फार वेगळं नव्हतं म्हणा. भातशेतातल्या बोटभर बेडकांना आपल्याकडे कित्येक वर्षं एकच नाव चालायचं, फेजरवार्या लिम्नोकॅरिस. हे नाव मुळात १८२९ सालचं आणि जावा बेटावरच्या बेडकाचं. पुढे डीएनए तपासला, नरांच्या हाका ध्वनिमुद्रित करून त्यांचे आलेख काढले, तेव्हा एका नावाखाली अनेक जाती नांदत असल्याचं कळलं. नवी नावं देता देता २०१५ साली एका बेडकाला 'गोमांतकी' आणि २०१८ साली दुसऱ्याला 'गोंयची' असं नाव मिळालं. एक मराठी वळणाचं, एक कोकणी. बेडकांतही राजभाषेचा वाद नको, असा विचार झाला असेल काय?

मी कलाशाखेचा माणूस, त्यामुळे माझा प्रश्न भाबडा होता. जात वेगळी हे ठरवतात कशावरून? (वर्तमानपत्रं सर्रास 'प्रजाती' म्हणतात, पण आपल्या पाठ्यपुस्तकांत ती वरची पायरी. प्रजातीच्या पोटात जाती.) अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली केलेली व्याख्या सर्वांत परिचित आहे. जे जीव निसर्गात आपापसांत प्रजनन करतात आणि इतरांशी मिसळत नाहीत, ती एक जात. घोडा आणि गाढव यांचं खेचर होतं, पण खेचराचा वंश पुढे चालत नाही. बेडकांत मादी आपल्या जातीची हाक ओळखून जाते, म्हणजे सीमारेषा आवाजातच असते.

पण ही फूटपट्टी सगळीकडे लागत नाही. आपली खायची केळी घ्या. बी नाही, मुनवे लावून पिढ्यान् पिढ्या चालतात, मग प्रजननाची कसोटी लावणार कशी? जीवाश्मांना तर विचारणारच कोण! म्हणून काहीजण वंशवेल पाहतात, डीएनएतला फरक मोजतात. तो किती झाला की वेगळी जात, याचा ठाम आकडा मात्र नाही. भाषा की बोली, हा वाद घालून दमलेल्या गोंयकाराला हे समजावून सांगायला नको.

हा नुसता पंडितांचा खेळ असता तर मी सोडून दिला असता. पण मी पडलो सरकारी कारकून, नावात काय असतं ते रोज पाहतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टात गोड्या पाण्यातले बेडूक 'राना' या प्रजातीच्या नावाने नोंदले होते. आपल्या बेब्याला शास्त्रज्ञांनी राना टायग्रिनामधून काढून होप्लोबॅट्राकसमध्ये नेलं. बदलीचा हुकूम निघाला, पण हजेरीपटावर नाव जुन्याच खात्यात! ही परिशिष्टं नव्याने लिहायला २०२२ ची दुरुस्ती यावी लागली.

आणि सारखाच बेडूक जावापर्यंत आहे असं मानलं, तर इथला एखादा सडा खणला गेल्याचं कुणाला काय? तोच बेडूक फक्त इथलाच निघाला तर मात्र उत्तर द्यावं लागतं.

गोंयचीचं खातंही एव्हाना बदललं आहे. फेजरवार्याऐवजी आता मिनर्वार्या. नियमाप्रमाणे पुढचा शब्द तेवढा कायम राहतो.